अफवेविरुद्ध सोडत

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढा तालुक्यातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना तिथं जमावानं मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असा मजकूर त्याआधी लोकांच्या मोबाइलवर फिरत होता. आणि ज्या खोलीत या पाच जणांना कोंडून मारलं, ती खोली ग्रामपंचायतीच्या कार्यालयाची होती.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. गावानं जमावं, एकमेकांना विचारावं, शंका फेडून घ्यावी, निर्णय करावा, यासाठी जी इमारत उभी राहिली, तिथंच हे झालं. त्या दिवशी गावात मोबाइल होते, अफवा होती, भीती होती, हजारोंचा बाजार होता. या पाच जणांना चार शब्द विचारून, मंगळवेढ्याला एक फोन लावून खातरजमा करणारी बैठक तेवढी नव्हती.

म्हणून या आठवड्यात एकच मागणी मांडतो. अफवेशी लढायचं काम आपण सरकारवर, कंपन्यांवर आणि पत्रकारांवर टाकून मोकळे झालो. ते काम लोकांचंही आहे आणि लोकांना ते जमतं. त्यासाठी सामान्य माणसांना सोडतीनं निवडा, त्यांचा बुडालेला रोज भरून द्या, त्यांच्यापुढे जाणकार आणि पुरावे ठेवा, त्यांना वेळ देऊन एकत्र बसवा. ती जे सांगतील त्याला सरकारनं लेखी उत्तर द्यावं. जगात हे झालंय. महाराष्ट्रात व्हायला हवं.

*

राईनपाड्याला दोन वर्षंही झाली नव्हती. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथं दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हाती सापडले आणि मारले गेले. चोर फिरतायत, मुलं पळवणारे फिरतायत, अशा अफवा तिथंही आधीच पसरलेल्या होत्या. माणसं गेल्यावर दुसरी अफवा सुटली, घटनेला धार्मिक रंग देणारी. ती थोपवायला राज्याच्या गृहमंत्र्यांना अटकेतल्या १०१ जणांची यादीच जाहीर करावी लागली. पहिल्या अफवेनं तीन जीव घेतले होते. दुसरी राज्य पेटवायला निघाली होती.

त्याच वर्षी फेब्रुवारीत कोंबडीच्या मांसातून कोरोना होतो अशी आवई उठली आणि कुक्कुटपालन करणाऱ्या शेतकऱ्यांचा माल कवडीमोल झाला. कर्ज काढून शेड उभारलेल्या माणसाला कुणी लुटलं? चोर सापडत नाही, कारण तो एक नव्हता. ज्यांनी तो मजकूर पुढे पाठवला, त्यातल्या बहुतेकांनी तो काळजीपोटी पाठवला. खोटं आपल्याकडे शत्रूकडून येत नाही. ते मामाकडून येतं, शाळेतल्या मित्राकडून येतं, सोसायटीच्या ग्रुपवर शेजारच्या काकूंकडून येतं. ‘जास्तीत जास्त शेअर करा’ असं खाली लिहिलेलं असतं आणि आपण ते मनापासून करतो.

विश्वासाच्या वाटेनं आलेलं खोटं परतवायचं, तर खरंही त्याच वाटेनं जायला हवं. इथंच आजवरचे सगळे उपाय तोकडे पडले.

*

पहिला उपाय सरकारचा. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलचा कोणता मजकूर खोटा, बनावट किंवा दिशाभूल करणारा, हे सरकारनंच नेमलेला तथ्य-तपासणी कक्ष ठरवणार होता. मुंबई उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिलं गेलं. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. प्रकरण न्या. अतुल चांदुरकर यांच्याकडे गेलं. २० सप्टेंबर २०२४ ला त्यांनी ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली आणि मग ती रद्द झाली.

योग्य झालं. ज्याच्याबद्दल बातमी आहे, त्यालाच बातमीवर शिक्का मारायचा अधिकार देता येत नाही. पण निकाल साजरा करून आपण घरी गेलो. सरकारनं ठरवायचं नाही, तर कुणी ठरवायचं, हा प्रश्न न्यायालयाच्या पायऱ्यांवर तसाच राहिला.

दुसरा उपाय कंपन्यांचा. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक मजकूर एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेल्या मजकुरासाठी ती एका ठिकाणावर आणली आणि अशा मजकुराचा प्रसार सत्तर टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनं सांगितलं. याचा उपयोग झाला, हे मान्य करायला हवं. पण पाच जीव जाईपर्यंत ती मर्यादा का नव्हती? ती ठरवताना धुळ्याच्या कुणाला विचारलं होतं? मेटा कंपनीनं जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतला बाहेरच्या तपासनिसांकरवी चालणारा तथ्य-तपासणीचा कार्यक्रम बंद करत असल्याचं जाहीर केलं. एका माणसानं कॅमेऱ्यासमोर येऊन सांगितलं आणि विषय संपला. करोडो लोकांच्या माहितीचे नियम आज असे बदलतात.

तिसरा उपाय तथ्य तपासणाऱ्या पत्रकारांचा. ते कसून काम करतात. २०१८ मध्ये मूल पळवणाऱ्या मोटरसायकलस्वाराची जी चित्रफीत देशभर फिरली, ती मुळात कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जाहिरात होती. शेवटी मूल परत आणून सोडतात, तेवढाच भाग कापलेला होता. हे शोधून काढलं ते पत्रकारांनीच. पण कापलेली फीत गावागावांत गेली आणि शोध शहरातल्या वाचकांत राहिला. दोष पत्रकारांचा नाही. त्यांच्या शोधाला गावात नेणारा, गावाच्या ओळखीचा माणूस नव्हता.

चौथा उपाय पोलिसांचा. सर्वोच्च न्यायालयानं १७ जुलै २०१८ च्या निकालात झुंडबळी रोखायला प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार अधिकारी नेमायला सांगितलं. हवाच तो अधिकारी. मात्र राईनपाड्यात जे मोजके पोलीस पोचले, तेही जमावापुढे हतबल ठरले. जमाव तयार झाल्यावर कायदा उशिरा पोचतो. जमाव होण्याआधी गावात काय असतं, हे महत्त्वाचं.

*

आता जर्मनी बघा. तिथं २०२४ मध्ये बर्टेल्समन प्रतिष्ठान आणि देशाचं गृहमंत्रालय यांनी खोट्या माहितीविरुद्ध नागरिकांचा एक मोठा उपक्रम केला. त्याची दोन अंगं होती. एकीकडे कुणालाही इंटरनेटवर सूचना करता येत होती आणि इतरांच्या सूचनांवर मत देता येत होतं. चार लाखांहून जास्त लोकांनी भाग घेतला. दुसरीकडे १२० सामान्य नागरिकांची परिषद होती, सोडतीनं निवडलेली. शिक्षण, वय, राहायची जागा यांत देशाची सरमिसळ उतरेल अशी. या १२० जणांनी तज्ज्ञांना ऐकलं, लोकांकडून आलेल्या सूचना वाचल्या, गटांत बसून वाद घातले, मसुदे लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी पंधरा शिफारशी गृहमंत्री नॅन्सी फेझर यांच्या हाती दिल्या. त्यांत शाळेतल्या माध्यमशिक्षणापासून कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेल्या मजकुरावर तशी खूण सक्तीची करण्यापर्यंतचे विषय होते.

शिफारशींपेक्षा मला त्यांचा उगम मोलाचा वाटतो. यातली एखादी सूचना मंत्रालयातून आली असती, तर विरोधक म्हणाले असते, सरकारला तोंडं बंद करायची आहेत. कंपनीकडून आली असती, तर लोक म्हणाले असते, यात धंदा आहे. ती १२० अनोळखी माणसांकडून आली. त्यांतल्या कुणाला निवडणूक लढवायची नव्हती, कुणाला जाहिराती विकायच्या नव्हत्या. खोट्या बातमीचा विषय इतका तापलेला आहे की त्यावर बोलणाऱ्याचा हेतू आधी तपासला जातो. सोडतीत निघालेल्या माणसावर तो संशय चिकटत नाही.

तैवान त्याहून पुढे गेलं. तिथं प्रसिद्ध लोकांचे बनावट चेहरे आणि आवाज वापरून फसवणुकीच्या जाहिराती चालत होत्या. मंत्री ऑड्री टँग यांच्या खात्यानं २०२४ च्या सुरुवातीला दोन लाख लोकांना कसलीही निवड न करता सरकारी क्रमांकावरून संदेश पाठवला: या प्रश्नावर काय करावं? उत्तर देणाऱ्यांतून सुमारे साडेचारशे नागरिक, समाजाचा नमुना ठरतील असे, दहा-दहाच्या गटांत ऑनलाइन चर्चेला बसले. जाहिरातदाराची ओळख पटवल्याशिवाय जाहिरात नको, आणि कंपनीनं हयगय केली तर बुडालेल्या पैशांची जबाबदारी तिच्यावरही हवी, असा सूर निघाला. जुलै २०२४ मध्ये तिथल्या संसदेनं फसवणूकविरोधी कायदा मंजूर केला. संदेशापासून कायद्यापर्यंत काही महिने लागले.

त्याच वर्षी जानेवारीत आपल्याकडे काय झालं? सचिन तेंडुलकरचा बनावट चेहरा आणि आवाज वापरून एका गेमिंग अॅपची जाहिरात फिरली. त्याला स्वतः समाजमाध्यमावर सांगावं लागलं की हा मी नव्हे. मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला. सचिनचं सांगणं साऱ्या देशानं ऐकलं. पण लातूरच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाची पुंजी अशाच जाहिरातीत बुडाली, तर त्याचं कोण ऐकणार? कंपनीनं भरपाई द्यावी की नाही, हे त्या शिक्षकाला कुणी विचारलंय?

तैवानकडे आणखी एक गोष्ट आहे, ती आपण उद्याच उचलावी अशी. कोफॅक्ट्स नावाची सोय तिथल्या स्वयंसेवकांनी उभी केली. लाइन या अॅपवर संशयास्पद मजकूर आला, की तो तिच्याकडे पाठवायचा. आधी कुणी तपासलेला असेल, तर उत्तर लगेच मिळतं. नसेल, तर स्वयंसेवक तपासून उत्तर लिहितात, दुसरे स्वयंसेवक त्या उत्तराला जोखतात. उत्तर कुणालाही लिहिता येतं, स्रोत मात्र द्यावा लागतो. हे काम करणारी बरीच माणसं पत्रकार नाहीत. शिकली आणि करू लागली.

*

इथं एक हरकत येते आणि ती रास्त आहे. सत्य काय बहुमतानं ठरवायचं? पृथ्वी गोल की सपाट, यावर हात वर करायचे?

नाही. लस सुरक्षित आहे का, हे प्रयोगशाळा आणि आकडे सांगतील. कराचीची फीत कुठली, हे तपास सांगेल. नागरिकांच्या बैठकीनं ते ठरवायचं नाही. पण दुसरे प्रश्न आहेत, ज्यांची उत्तरं प्रयोगशाळेत नसतात. खोटी जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीची जबाबदारी किती? मजकूर काढून टाकायचा की त्यावर इशारा लावायचा? मतदानाआधीच्या दोन दिवसांत काय चालू द्यायचं? राजकीय पक्षांच्या प्रचारयंत्रणांना कोणती आचारसंहिता? बोलण्याचं स्वातंत्र्य आणि जिवाची सुरक्षा यांत रेघ कुठं ओढायची? ही मूल्यांची निवड आहे. त्या निवडीचे परिणाम भोगणाऱ्यांनी ती करायची. लोकशाही यालाच म्हणतात.

दुसरी हरकत मला चीड आणते. सामान्य माणसाला एवढं कळतं का?

आयर्लंडला विचारा. गर्भपाताच्या बंदीवर तो देश पस्तीस वर्षं भांडत होता. २०१६ मध्ये सोडतीनं निवडलेले ९९ नागरिक आणि अध्यक्षपदी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश राहिलेल्या मेरी लॅफॉय, अशी सभा बसली. पाच शनिवार-रविवार त्यांनी डॉक्टर ऐकले, वकील ऐकले, दोन्ही बाजूंच्या संघटना ऐकल्या, भोगलेल्या बायकांचे अनुभव ऐकले. बदलाची शिफारस केली. राजकीय पक्षांना ती धक्कादायक वाटली. २५ मे २०१८ ला सार्वमत झालं आणि ६६.४ टक्के लोकांनी बदलाच्या बाजूनं मत दिलं. नव्व्याण्णव जणांनी देशाची नाडी राजकारण्यांपेक्षा अचूक ओळखली होती. या सार्वमताच्या तोंडावर फेसबुकनं परदेशी पैशांच्या जाहिराती रोखल्या, गूगलनं तर या विषयावरच्या सगळ्याच जाहिराती बंद केल्या. खोट्याचा धोका तिथंही होता. पण विषय आधी लोकांनी लोकांसमोर उलगडलेला होता. ज्या घरात चर्चा झालेली असते, तिथं अफवेला जागा कमी मिळते.

अमेरिकेत २०१९ मध्ये ५२३ मतदारांना टेक्सासमध्ये चार दिवस एकत्र आणलं, त्यात दोन्ही पक्षांचे कट्टर होते. स्टॅनफर्डचे जेम्स फिश्किन यांची ही पद्धत. माहिती मिळाली, समोरासमोर बोलणं झालं, आणि अनेक प्रश्नांवर टोकाची मतं एकमेकांजवळ सरकली. फोनवर शिव्या देणारा माणूस जेवणाच्या टेबलावर तसा राहत नाही.

*

सोडत म्हटलं की काहींना ती परदेशी खूळ वाटते. महाराष्ट्राला सोडत शिकवावी लागत नाही. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तहसील कार्यालयात निघते, शाळेतल्या लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढली जाते, आणि गावचे मातब्बर ती मुकाट मान्य करतात. म्हाडाची घरं सोडतीनं मिळतात. आरटीईचे प्रवेश सोडतीनं होतात. चिठ्ठी कुणाची ओळख बघत नाही, म्हणून लोक तिला मानतात. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या दहाव्या शतकातल्या शिलालेखात तर गावाच्या समित्यांसाठी नावांच्या चिठ्ठ्या घड्यात टाकून लहान मुलाकडून काढायची रीत कोरून ठेवली आहे. तिथं बायकांना आणि भूमिहीनांना जागा नव्हती. ती उणीव आपण भरून काढायची आणि रीत घ्यायची.

एकत्र बसून, शिकून ठरवण्याचा धडाही घरातच आहे. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं गाव. तिथं ग्रामसभेबरोबर अभ्यासगट चालतात. बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, विषय समजून घ्यायचा, खोलात चर्चा करायची. त्या बैठकीत निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमतानं नाही, सर्वांच्या सहमतीनं. शंभरेक घरांच्या या गोंड गावानं याच रीतीनं लढून २००९ मध्ये १,८०० हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी अनेक वर्षं हेच सांगितलं: आधी अभ्यास, मग निर्णय. जर्मनीनं १२० लोकांना घेऊन जे केलं, त्याचा गाभा आपल्या धानोरा तालुक्यात कित्येक वर्षं आधी रुजलेला होता.

आणि आपल्या बाकीच्या ग्रामसभा? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. झेंडावंदन झालं, सह्या झाल्या, कोरम नाही म्हणून तहकूब, संपलं. शहरांची गत आणखी वाईट. क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात २००९ पासून आहे, बहुतेक शहरांत ती भरतच नाही. बोलायची अधिकृत जागा ओस टाकली की बोलणं थांबत नाही. ते व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर जातं. तिथं अध्यक्ष नसतो, इतिवृत्त नसतं, प्रतिप्रश्न विचारला तर ग्रुपमधून काढतात.

*

या सगळ्यात एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अफवा कुणावर उठते? खोलीत नसलेल्या माणसावर. भिक्षेकऱ्यावर, परप्रांतीय मजुरावर, दुसऱ्या धर्माच्या वस्तीवर, पालात राहणाऱ्यांवर. राईनपाड्यात मेले ते भटक्या समाजातले होते. पिढ्यान्‌पिढ्या ही माणसं गावोगाव फिरून पोट भरतात आणि गावाच्या कुठल्याच सभेत त्यांना खुर्ची नसते.

म्हणून आंधळी सोडत पुरणार नाही. भटक्या-विमुक्तांतल्या कित्येकांचं मतदार यादीत नाव नाही, रेशनकार्ड नाही. नुसत्या यादीतून चिठ्ठ्या काढल्या, तर ज्यांना अफवेचा सर्वांत जास्त धोका, तेच पुन्हा बाहेर राहतील. सोडत गटवार काढा. निम्म्या बायका हव्यात. भटके-विमुक्त, आदिवासी, अल्पसंख्य, स्थलांतरित, दिव्यांग यांच्या जागा आधी ठरवा आणि त्या भरल्याशिवाय सभा सुरू करू नका. डवरी गोसावी समाजातली बाई आणि आदिवासी पाड्यावरचा शेतकरी पाच शनिवार-रविवार एकाच टेबलावर जेवले, तर पुढच्या वेळी फीत आल्यावर त्या पाड्यावर एक तरी माणूस उठून म्हणेल, थांबा, ही माणसं मला माहीत आहेत. जीव वाचवायला असा एक माणूस पुरेसा असतो.

तातडीच्या वेळी काय, असं विचाराल. अफवा मिनिटांत धावते, सभा महिने चालते. बरोबर. सभेचं काम आधीचं आहे: कुणाचा शब्द चालेल, कुणाला फोन लावायचा, किती वेळात उत्तर यायला हवं, ही व्यवस्था शांततेत ठरवून ठेवणं. तेलंगणातल्या गडवाल जिल्ह्यात २०१८ मध्ये पोलीस अधीक्षक रेमा राजेश्वरी यांनी गावागावांत पोलीस नेमून दिले, लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांत आपली माणसं ठेवली, दवंडीवाल्यांना आणि लोककलावंतांना हाताशी धरून अफवांबद्दल सांगितलं. आजूबाजूला माणसं मारली जात असताना त्या भागात एकही बळी गेला नाही. केरळातल्या कन्नूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी २०१७ मध्ये दीडशेच्या आसपास सरकारी शाळांत खोटी बातमी ओळखण्याचे वर्ग सुरू केले. हे चांगल्या अधिकाऱ्यांनी केलं. अधिकाऱ्यांची बदली होते. गावानं स्वतः उभी केलेली व्यवस्था बदलीच्या आदेशानं जात नाही.

*

शेवटची हरकत खरी आहे आणि तिच्यावर उपाय न करता हे सगळं उभं करणं ही लोकांची फसवणूक ठरेल. सरकारनं ऐकलंच नाही तर?

फ्रान्समध्ये तसं झालं. २०१९ मध्ये हवामानबदलावर १५० नागरिकांची सभा बसवली, त्यांचे प्रस्ताव जसेच्या तसे पुढे नेऊ असा शब्द राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी दिला, आणि कायदा झाला तेव्हा त्यातलं बरंच पातळ झालेलं होतं. नागरिक संतापले. जर्मनीतही सप्टेंबरमध्ये शिफारशी मंत्र्यांच्या हाती पडल्या आणि नोव्हेंबरमध्ये आघाडी सरकारच कोसळलं. लोकांचे शनिवार-रविवार घ्यायचे, फोटो काढायचे आणि अहवाल कपाटात टाकायचा, असं केलं तर अविश्वास वाढतो. अविश्वासावरच अफवा पोसते.

याचं उत्तर बेल्जियमच्या जर्मनभाषक भागानं दिलंय. तिथली लोकसंख्या सुमारे पाऊण लाख. २०१९ मध्ये त्यांनी कायदाच केला: सोडतीची नागरिक परिषद कायमची राहील, विषय ती स्वतः निवडेल, आणि तिच्या शिफारशींवर तिथल्या संसदेला चर्चा करावी लागेल. नाकारायचं असेल, तर कारण द्यावं लागेल. निर्णय निवडून आलेल्यांचाच राहतो, पण गप्प बसायची मुभा राहत नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट लिहितो. महाराष्ट्र विधिमंडळानं ठराव करून नागरिक सभा बोलवावी. ३६ जिल्हे, प्रत्येकी चार, म्हणजे १४४ जण, सोडतीनं, गटवार. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, पक्षाचा कुणी नाही. पाच शनिवार-रविवार. बुडालेला रोज, प्रवास, जेवण, मुलं सांभाळायची सोय, सगळं सरकारी खर्चानं. कामकाज मराठीत, गोंडी, भिली, कोरकू, बंजारा, उर्दू बोलणाऱ्यांसाठी दुभाषी. तज्ज्ञ कोण बोलावले, ते काय बोलले, हे जाहीर. व्हॉट्सअॅप, गूगल आणि पक्षांच्या प्रचारप्रमुखांनी सभेपुढे येऊन प्रश्नांना उत्तरं द्यायची. शिफारशी आल्यावर नव्वद दिवसांत सरकारनं विधिमंडळात एकेका शिफारशीवर लेखी उत्तर ठेवायचं: मान्य, किंवा अमान्य आणि का.

विधिमंडळाची वाट बघत बसायचीही गरज नाही. तुमच्या गावची पुढची ग्रामसभा ठरलेली आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे आजच लेखी विषय द्या: अफवा आली तर गावानं काय करायचं, कुणाला विचारायचं, अनोळखी माणूस गावात आला तर त्याच्याशी आधी कोण बोलणार. त्याआधीच्या महिला सभेतही तो मांडा, कारण मुलं पळवल्याच्या अफवेनं सर्वांत आधी आई घाबरते आणि तिच्या भीतीचा वापर होतो. शिक्षक, आशाताई, अंगणवाडीताई, पोलीस पाटील, दोन तरुण, पालावरचा एक प्रतिनिधी, अशी नावं इतिवृत्तात लिहून घ्या. शहरात राहत असाल, तर आपल्या नगरसेवकाला आणि प्रभाग कार्यालयाला क्षेत्रसभेची तारीख विचारा, आणि ती मिळेपर्यंत दर आठवड्याला विचारत राहा.